टायर, हवा, पाणी आणि पऱ्हाटीचे खुंट : ट्रॅक्टरवाल्यांचे प्रश्न

रोहिणी निघाल्या की या सदराकडं टायरचे प्रश्न यायला लागतात, दरवर्षीचंच आहे. उसाच्या खेपा संपलेल्या, नांगरट उरकलेली, ट्रॅक्टर दोन दिवस दारात उभा राहतो आणि मग मालकाला टायरकडं बघायला वेळ मिळतो. पत्रं आता कोण लिहितंय, सगळं व्हॉट्सअॅपवर, फोटोसकट, आणि फोटो बहुतेक अशा टायरचे की ज्याचं आता काही करता येत नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, ज्यांचं उत्तर एका ओळीत संपतं त्यांना तेवढंच दिलंय.

प्रश्न : आमचा ४५ एचपीचा ट्रॅक्टर, मागं १३.६-२८ चे टायर. हवा किती ठेवायची यावर घरात रोज वाद. पंक्चरवाला पंचवीस मारतो, शोरूमचा मेकॅनिक बारा सांगतो आणि ड्रायव्हर म्हणतो बुटाची ठोकर मारली की आपल्याला कळतंय. नांगरटीला आणि उसाला तोच ट्रॅक्टर. (एक वाचक, तासगाव, जि. सांगली)

उत्तर : मेकॅनिकचं ऐका, पण अर्धंच. रानात नांगर, रोटाव्हेटर चालू असताना या साइजच्या मागच्या टायरला साधारण १२ ते १४ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) पुरतात, ट्रॉली जोडून डांबरीवर जायचं तर १६ ते १८ च्या आसपास. पक्का आकडा टायरच्या साइजवर, प्लाय रेटिंगवर (टायरच्या आतल्या थरांची ताकद) आणि मागं किती बोजा येतो त्यावर ठरतो, आणि तो ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तिकेत तक्ता करून दिलेला असतो. ही पुस्तिका बहुतेकांकडं टूलबॉक्सच्या तळाला डिझेल पिऊन पडलेली असते. शोधा, पानं सुकवा आणि तेवढा एक तक्ता मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

पंचवीस मारल्यावर काय होतं ते बघा. टायर मधोमध फुगतो, लगच्या, म्हणजे नक्षीच्या उंच पट्ट्यांच्या, कडा जमिनीला टेकतच नाहीत, सगळं वजन मधल्या पट्ट्यावर. मग नांगराची ओढ आली की टायर घसरतो, मधलेच लग झिजतात, डिझेल वर जातं ते वेगळंच, आणि काळ्या रानात वरचा थर असा दाबला जातो की पुढं पेरणीच्या वेळी ढेकळं निघतात. रान दबतं ते दोन कारणांनी, वरच्या थराचं दबणं जास्त करून टायरच्या हवेवर आणि खोलवरचं दबणं एक्सलवर येणाऱ्या एकूण वजनावर, म्हणून हवा कमी केली की वरचं तरी वाचतं, खालचं वाचवायचं असेल तर वाफसा आल्याशिवाय ट्रॅक्टर आत घालायचा नाही एवढा एकच उपाय आहे.

आता उलट बाजू. दहाच्याही खाली हवा आणि मागं उसानं भरलेली ट्रॉली, तर टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते, आतले धागे तापून तुटायला लागतात आणि बाहेरून फक्त रिमच्या वर गोल फिरलेली एक बारीक चीर दिसते. ती चीर दिसली म्हणजे टायर आतून गेलेलाच असतो. आणखी एक गोष्ट होते, ट्यूबवाल्या टायरमध्ये हवा कमी असताना जोरात ओढ दिली तर रिम फिरते आणि टायर मागं राहतो, ट्यूब टायरबरोबर राहते, व्हॉल्व्ह रिमबरोबर जातो, आणि व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो. पंक्चरवाला म्हणतो ट्यूबच खराब होती, तुम्ही नवीन ट्यूब टाकता, परत महिन्याभरात तेच. हे तपासायला पैसे लागत नाहीत, पांढऱ्या पेंटनं रिमवरून टायरवर जाणारी एक सरळ रेघ मारून ठेवा, रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले की समजायचं रिम फिरतेय, ट्यूबला दोष देऊ नका, हवा बघा.

ड्रायव्हरच्या बुटाबद्दल. मागच्या टायरची भिंत इतकी जाड असते की १२ आणि २० मधला फरक बुटालाही कळत नाही आणि हातोडीलाही. आणि पंक्चरच्या दुकानातला गेज ट्रकसाठीचा असतो, शंभराच्या पुढचं मोजायला बनवलेला, त्याचा काटा दहा-पंधराला कोपऱ्यात नुसता थरथरतो. शून्य ते पन्नास पीएसआयचा छोटा गेज स्वतःचा घ्या, एका पंक्चरच्या खर्चाच्या आसपास येतो. मोजायची सकाळी, ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी. दुपारी चालवून आलेल्या गरम टायरची हवा वाढलेली दिसतेच, ती काढून टाकायची नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी कमी भरते.

एकाच दिवशी रान आणि रस्ता दोन्ही असेल तर माझं मत सांगतो, रस्त्याची हवा ठेवा. जास्त हवेवर नांगरलेला टायर घसरेल, थोडं डिझेल जाईल, पण कमी हवेवर बोजा घेऊन पळालेला टायर मरतो. आठवडाभर नुसती नांगरट असेल तेव्हा मात्र सोडा हवा खाली, आळस करू नका.

प्रश्न : पलटी नांगर लावला की मागचे टायर जागेवर फिरतात. शेजारी म्हणतात टायरमध्ये पाणी भर. भाऊ म्हणतो पाण्यानं रिम गंजून जाईल. भरावं की नको आणि किती? (बार्शी, जि. सोलापूर)

उत्तर : आधी घसरण किती आहे ते मोजा, मग पाण्याचं बघू. मोजणं सोपं आहे. मागच्या टायरवर खडूनं खूण करा. त्याच रानात नांगर वर उचलून ट्रॅक्टर चालवा, चाकाचे दहा फेरे मोजा आणि किती अंतर गेलं ते टेपनं बघा, तुमच्या टायरला ते ४० मीटरच्या आसपास भरेल. मग नांगर जमिनीत घालून परत दहा फेरे. समजा दुसऱ्या वेळी ३४ मीटर भरले, म्हणजे ६ मीटर घसरले, चाळीसातले सहा, १५ टक्के. टू व्हील ड्राइव्हला नांगरलेल्या किंवा मऊ रानात १० ते १५ टक्के घसरण चालते, नव्हे हवीच, अजिबात घसरण नसेल तर तुम्ही उगाच जास्त वजन घेऊन फिरताय. ३२ मीटर भरले तर २० टक्के, मग काहीतरी करायला हवं. तेही आधी हवा बघून. पंचवीसवरचा टायर तेरावर आणला तर कित्येकदा पाणी न भरताच काम होतं.

तरीही घसरतोय, तर पाणी भरा. बिनधास्त भरा. पाणी ट्यूबमध्ये जातं, रिमला लागत नाही, ट्यूब गळायला लागली आणि तशीच चालवली तरच रिम गंजते. युरोप-अमेरिकेत थंडीनं पाणी गोठतं म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड टाकतात, त्या मिठानं खरंच लोखंड खातं, तिथली ऐकीव भीती इकडं आलीय. बार्शीत पाणी गोठायचं काही कारण नाही, साधं पाणी भरा. बोअरचं पाणी फार खारट असेल तर आडाचं किंवा टाकीचं घ्या, नाहीतर व्हॉल्व्हची पिन लवकर खराब होते.

पद्धत अशी. चाक जॅकवर घ्या, व्हॉल्व्ह बरोब्बर वर येईल असं फिरवा, पिन काढा, हवा जाऊ द्या, मग पाणी भरायचा जोड लावून पाइप जोडा. मधे मधे पाइप काढून आतली हवा बाहेर सोडावी लागते, नाहीतर पाणी आत जात नाही, इथं लोक कंटाळतात आणि अर्धवट सोडतात. व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर यायला लागलं की थांबायचं, कारण व्हॉल्व्ह वर असताना पाणी तिथपर्यंत आलं म्हणजे साधारण ७५ टक्के भरलं. राहिलेल्या जागेत हवा भरून नेहमीचं प्रेशर करायचं. पूर्ण शंभर टक्के कधीही भरू नका, टायरला दबायला जागाच राहत नाही, खड्ड्यातला प्रत्येक धक्का सरळ एक्सलवर जातो. १३.६-२८ मध्ये एका चाकात दीडशे लिटरच्या पुढं पाणी बसतं, म्हणजे दोन्ही मिळून तीनशे किलोच्या वर वजन वाढलं.

आता यात एक खोच आहे ती कोणी सांगत नाही. पाणी भरल्यावर आत हवेला जागा थोडी राहते, त्यामुळं थोडीशी हवा गेली तरी प्रेशर पटकन पडतं, म्हणून पाणी भरलेला टायर जास्त वेळा तपासायचा. आणि तपासताना व्हॉल्व्ह वरच ठेवायचा, खाली असेल तर गेजमध्ये पाणी घुसतं आणि गेज जातो. नांगरट संपली, आता फक्त ट्रॉलीचं काम, तर पाणी काढून टाका, उगाच तीनशे किलो घेऊन गावोगाव फिरू नका. ज्यांना ही भानगड नको त्यांनी रिमला बसणारी लोखंडी वजनं घ्यावीत, महाग पडतात पण काढता-घालता येतात.

प्रश्न : कापूस निघाल्यावर पऱ्हाटी कापून घेतली आणि रोटाव्हेटर मारला तर एका दिवसात दोन टायर पंक्चर, एकातून तर खुंट आरपार. नवा टायर होता. कंपनी क्लेम देईल का? (पांढरकवडा, जि. यवतमाळ)

उत्तर : क्लेम विसरा. कंपनीची हमी बनावटीतल्या दोषाची असते, म्हणजे थर सुटला, फुगा आला, असं. बाहेरून काही घुसलं तर बहुतेक कंपन्या देत नाहीत, आणि द्यावं असंही मला वाटत नाही.

कापसाचा आणि तुरीचा खुंट वाळला की लाकूडच होतो, त्यात विळ्यानं किंवा कुऱ्हाडीनं तिरका घाव घालून कापलेला असेल तर वर टोक तयार होतं. तुमच्या फोटोत नीट बघा, सगळे खुंट एकाच बाजूला तिरके छाटलेत आणि जमिनीच्या वर चार बोटं ठेवलेत. यावर तीन गोष्टी करता येतात. एक, पऱ्हाटी उपटून काढायची, कापायचीच नाही, त्यासाठी हातचे चिमटे मिळतात, मजुरी जास्त लागते पण गुलाबी बोंडअळीच्या दृष्टीनं पऱ्हाटी रानात न ठेवणं तसंही बरं. दोन, ट्रॅक्टरचलित श्रेडर मारायचा, तो बुडापासून कुट्टी करतो, मात्र श्रेडर ओढणाऱ्या ट्रॅक्टरची चाकं ओळींच्या मधून जातील असं चाकांमधलं अंतर लावून घ्यायचं, मागची रिम आणि डिस्क (चाकाची मधली तबकडी) उलटसुलट लावून हे अंतर कमी-जास्त होतं हे कित्येक मालकांना माहीतच नसतं, शोरूममधून जशी आली तशीच वर्षानुवर्षं. आणि कापायचीच असेल तर कापणाऱ्यांना सांगा, आडवं आणि जमिनीलगत कापा, आणि कापल्यावर लगेच, ओल असतानाच रोटाव्हेटर घाला, वाळू देऊ नका.

आरपार गेलेल्या टायरला आतून गेटर, म्हणजे जाड ठिगळ, लावून घेता येईल, भोक नक्षीच्या भागात असेल तर. भिंतीत असेल तर तो टायर ट्रॉलीच्या बोजाला वापरू नका.

प्रश्न : रिमला नटाच्या भोकापाशी चीर गेलीय. गावातला वेल्डर म्हणतो टायर न काढता दोन मिनिटांत मारून देतो, हवा सोडली की झालं. (माजलगाव, जि. बीड)

उत्तर : नाही. नाही म्हणजे नाही. आणि त्या वेल्डरलाही हे वाचून दाखवा, त्याचाही जीव आहे.

टायर रिमवर असताना वेल्डिंग केलं की आतलं रबर तापून त्यातून पेट घेणारा गॅस निघतो, बाहेरून काही दिसत नाही, आत गॅस साठतो, दाब वाढत जातो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. हवा सोडलेली असली तरी फुटतो, व्हॉल्व्हची पिन काढलेली असली तरी फुटू शकतो, आणि कधी वेल्डिंग झाल्यावर थोड्या वेळानं, सगळे चहा घेत असताना. टायर आणि ट्यूब पूर्ण उतरवायची, मगच रिमला आग लावायची. खरं तर नटाच्या भोकापाशी चीर गेलेली रिम वेल्ड करूच नये, ती चीर नट ढिले ठेवून चालवल्यामुळं पडते, भोकं अंडाकृती झालेली असतील बघा. रिम बदला, आणि नवीन बसवल्यावर पहिल्या काही तासांच्या कामानंतर नट परत आवळा.

याच निमित्तानं, टायर रिमवर चढवल्यावर हवा भरताना समोर किंवा वर वाकून उभं राहायचं नाही, बाजूला, लांब पाइप लावून. कडा बसत नसेल तर हवा वाढवत जायचं नाही, ३५ पीएसआयच्या वर तर अजिबात नाही, हवा सोडायची, साबणाचं पाणी लावायचं आणि परत प्रयत्न करायचा. ट्रॉलीच्या ज्या रिमला बाहेरून लोखंडी कडी बसते ती हवा भरताना सुटली तर सरळ अंगावर येते, अशी चाकं लोखंडी पिंजऱ्यात किंवा निदान साखळदंड गुंडाळून भरावीत, रस्त्याकडेला पोरासोरांच्या गर्दीत नाही.

प्रश्न : मी स्वतः ट्रॅक्टर चालवते, घरच्यांचा आधी विरोध होता आता नाही. पुढचे दोन्ही टायर एका हंगामात आतल्या बाजूनं गुळगुळीत झाले, बाहेरची नक्षी नवी कोरी. दुकानदार म्हणतो टायरच हलका निघाला. (एक ताई, श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर)

उत्तर : ताई, एक टायर हलका निघेल, दोन्ही एकाच बाजूनं हलके कसे निघतील? दुकानदाराला नवीन जोडी विकायचीय. हे टो-इनचं काम दिसतंय, म्हणजे पुढची चाकं पुढून जितकी जवळ असायला हवीत तितकी नाहीत, बाहेर पसरलीत, आणि टायर सरळ गोल फिरायच्या ऐवजी रस्त्यावर घासत चाललाय.

घरी बघता येतं. सपाट जागी ट्रॅक्टर सरळ उभा करा. दोन्ही पुढच्या टायरच्या मधल्या रेघेवर, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, पुढच्या बाजूला खडूनं खूण करून दोन खुणांमधलं अंतर मोजा. मग ट्रॅक्टर पुढं ढकला, खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर येईपर्यंत, आणि परत मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा काही मिलिमीटरनं कमी असायला हवं, किती ते पुस्तिकेत आहे. तुमच्यात उलटं निघेल असं मला वाटतं. टाय रॉडचा (दोन्ही पुढची चाकं जोडणारा दांडा) चेक नट ढिला करून रॉड फिरवला की अंतर बदलतं. पण त्याआधी चाक जॅकवर घेऊन वर-खाली आणि डावी-उजवीकडं हलवून बघा, बेअरिंगमध्ये किंवा किंगपिनच्या बुशमध्ये खेळ असेल तर आधी तो काढावा लागेल, नाहीतर टो-इन आज लावलं आणि उद्या परत गेलं. पुढच्या टायरची हवा मागच्यापेक्षा बरीच जास्त असते, ६.००-१६ ला २६ ते ३० पीएसआयच्या घरात, बरेचजण चारी चाकांना सारखीच मारतात आणि मग स्टिअरिंग जड लागतंय म्हणतात.

झिजलेले टायर फेकू नका, टो-इन नीट केल्यावर डावा-उजवा बदलून आणि रिमवर उलटा चढवून काही दिवस निघतील.

प्रश्न : द्राक्षबागेतला छोटा फोर व्हील ड्राइव्ह. मागचे नवीन टाकले, पुढचे जुनेच. आता डांबरीवर फोर व्हील लावली की गाडी अडखळल्यासारखी होते. (निफाड, जि. नाशिक)

उत्तर : डांबरीवर फोर व्हील लावताच का? ती रानासाठी आहे. फोर व्हीलमध्ये पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित, एक ते पाच टक्के, जास्त वेगानं ओढतील असं गिअरचं गणित कंपनीनं टायरच्या साइजवरून बसवलेलं असतं. मागं नवीन म्हणजे उंच, पुढं झिजलेले म्हणजे बुटके, गणित बिघडलं. रानात माती थोडी सरकते म्हणून खपून जातं, डांबरीवर सरकायला जागा नाही, मग सगळा ताण पुढच्या एक्सलच्या गिअरवर. टायर बदलताना चारही बदलणं बरं, नाहीतर निदान कंपनीनं दिलेली तीच साइज, आणि फोर व्हीलची लिव्हर रस्त्यावर येताना काढायची. मागं मोठे टायर टाकू का असं विचारणारेही बरेच आहेत, त्यांनाही हेच उत्तर, आणि वर रिमची रुंदीही बघा, अरुंद रिमवर रुंद टायर बसतो पण टिकत नाही.

प्रश्न : जुना ट्रॅक्टर घेतोय. टायर ८० टक्के आहेत असं एजंट म्हणतो. कसं ओळखायचं? (मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : नक्षीची उंची बघून ८० टक्के सांगतात, वय कोणी सांगत नाही. टायरच्या भिंतीवर एका चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. १४२३ म्हणजे २०२३ सालचा चौदावा आठवडा, एप्रिलची सुरुवात. चारही टायरचे आकडे बघा, एकच वेगळा असेल तर का बदलला ते विचारा. लगच्या मुळाशी आणि भिंतीवर चिरा बघा, नखानं उकला, आतला धागा दिसला तर तो टायर शून्य टक्के धरून भाव करा. काळं पॉलिश मारून चिरा बुजवतात, म्हणून ओल्या फडक्यानं पुसून बघायचं.

अजून एक, टायर उलटे बसवलेत का बघा. ट्रॅक्टरच्या मागं उभं राहून मागच्या टायरकडं बघितलं की लगचं टोक वर, आकाशाकडं दिसलं पाहिजे. भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाणही असतो. उलटा टायर ओल्या रानात माती बाहेर फेकत नाही, भरून बसतो. सरळ बसवलेल्या टायरचा मातीतला ठसा बघाल तर त्यातली टोकं मात्र मागं, ट्रॅक्टर जिकडून आला तिकडं असतात, यावरून पारावर वाद घालायला हरकत नाही.

प्रश्न : धानाच्या चिखलणीला केजव्हील (लोखंडी पट्ट्यांची चाकं) लावतो. तीच लावून गावात येतो-जातो, टायर वाचतो ना? (सडक अर्जुनी, जि. गोंदिया)

उत्तर : टायर वाचत असेल, रस्ता नाही वाचत, आणि एक्सलचं बेअरिंगही नाही. बांधावर काढा आणि टायर लावून या. एकेकाळी सगळेच ट्रॅक्टर लोखंडी चाकांवर चालायचे. १९३२ मध्ये अमेरिकेत अॅलिस-चाल्मर्स कंपनीनं मॉडेल यू ट्रॅक्टरला हवेचे टायर द्यायला सुरुवात केली तेव्हा शेतकऱ्यांना ते पटेना, काट्याकुट्यात रबर टिकेल का म्हणून, मग कंपनीनं जत्रांमधून ट्रॅक्टरच्या शर्यती लावल्या आणि १९३३ मध्ये बार्नी ओल्डफील्ड नावाच्या रेसिंग ड्रायव्हरनं ट्रॅक्टर ताशी १०० किलोमीटरच्या पुढं पळवला. तुम्ही पळवू नका.

प्रश्न : आमच्याकडं ऊन फार. ट्रॅक्टर उघड्यावरच असतो, टायरला जाळीसारख्या भेगा पडल्यात. काही लावायचं का? जुनं ऑइल लावलं तर मऊ राहतं म्हणतात. (चोपडा, जि. जळगाव)

उत्तर : ऑइल लावू नका, डिझेल नको, ग्रीसही नको. ऑइलनं रबर फुगतं आणि पिठासारखं होतं, वरून काळं चकचकीत दिसतं म्हणून लोकांना मऊ झाल्यासारखं वाटतं. डिझेल भरताना सांडलं, ग्रीसिंग करताना टायरवर गळलं, फवारणीचं औषध उडालं, तर साबणाच्या पाण्यानं धुवायचं. उन्हाला सावली हेच औषध. पत्र्याचं शेड नसेल तर पोती, जुनी ताडपत्री, पाचटाचा आडोसा, काहीही, फक्त दक्षिण-पश्चिमेचं दुपारचं ऊन अडलं पाहिजे. जाळी वरवरची असेल तर टायर चालेल, खोल गेली असेल तर ट्रॉलीला वापरू नका.

ट्रॅक्टर महिनाभर हलणार नसेल तर एक्सलखाली लाकडी ठोकळे देऊन चाकांवरचं वजन काढा, तेवढं जमत नसेल तर हवा नीट ठेवा आणि अधूनमधून थोडा पुढं-मागं करा, एकाच जागी दबून टायर चपटा होतो.

थोडक्यात दोन. रिमोल्ड करावा का, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवावी का, असं विचारणारे खूप. आतला सांगाडा धड असेल, भिंतीला चीर नसेल, तर मागच्या टायरला करा, पैसे वाचतात, पुढच्याला करू नका, पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. दुसरं, नवीन टायरचं बिल पक्कं घ्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय, कोणी अजून जुना दर सांगत असेल तर बिल मागा, आणि क्लेमच्या वेळीही तेच बिल लागतं.

प्रश्न : ट्रॅक्टर नाही, टायरची बैलगाडी आहे, ऊस वाहतो. आमच्यासाठी काही सांगा. एक बैल सारखा खांद्याला सुजतो. (पंढरपूर, जि. सोलापूर)

उत्तर : बैलाला दोष देण्याआधी दोन्ही चाकांची हवा मोजा. एका चाकात कमी असली की गाडी त्या बाजूला ओढते, जू वाकडं बसतं आणि एकाच बैलाच्या मानेवर घासत राहतं, खांदेसूज तिथनं सुरू होते. दोन्हीकडं कमी असली तर दोन्ही बैल जास्त ओढतात, रस्त्यावर भरल्या गाडीला ते लगेच जाणवतं. टायरच्या भिंतीवर जास्तीत जास्त बोजा आणि त्याला लागणारी हवा छापलेली असते, त्याप्रमाणं दोन्ही बाजूंना सारखी भरा, दोन्ही टायर एकाच साइजचे आणि साधारण सारखे झिजलेले ठेवा, ट्रकचा जुना एक आणि नवा एक अशी जोडी नको. चाक उचलून हातानं फिरवून बघा, बेअरिंग खरखर करत असेल तर उघडून ग्रीस भरा. सुजलेल्या बैलाला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा आणि सूज पूर्ण उतरेपर्यंत जुवाला लावू नका, हंगाम असला तरी.